चाखण्यापुरती

अभिरामजींनी वाइनचं कार्ड टेबलावरून सरकवत थेट धम्मपालच्या हातात दिलं.

"आज पसंद तुमची, धम्मपालजी. मुलीकडचे तुम्ही, मान तुमचा."

शेजारी बसलेल्या त्याच्या बायकोचा, पंचशीलाचा घास तोंडातच राहिला. होणाऱ्या जावयाच्या, यशवर्धनच्या आईवडिलांशी ही पहिलीच भेट. बाहेर मोकळेपणानं बोलू म्हणून त्यांनीच स्नेहलतागंजच्या गल्लीतलं हे रेस्टॉरंट सुचवलं होतं. खाली पावभाजी, वर घरच्यांना घेऊन बसायला थोडी टेबलं. इथे वाइन मिळते हे कळलं असतं, तर तिनं तापाचं निमित्त करून येणंच टाळलं असतं.

समोर यशवर्धनशेजारी त्यांची लेक संबोधी पनीरचा तुकडा ताटलीत उगाच फिरवत होती. तिनं यशवर्धनला सगळं सांगितलं होतं. फक्त पप्पांचं नाही.

ती दहावीत असताना दारूपायी धम्मपालला दवाखान्यात उचलून न्यावं लागलं होतं. तेव्हापासून त्यानं थेंबही घेतला नव्हता. तरी पंचशीला धुवायला टाकलेला त्याचा शर्ट आधी नाकाशी धरायची. भंवरकुआंला मुलींच्या होस्टेलची ती वॉर्डन. तिथेही उशिरा आलेल्या पोरीच्या अंगाचा वास तिला दारातच कळायचा. ती सवय तिला घरातच लागली होती.

'आमच्यात चालत नाही' असं म्हणता आलं असतं. पंचशील घेतलेलं घर, खोटंही नव्हतं ते. पण हे लग्न जातीबाहेरचं. पहिल्याच भेटीत 'आमच्यात' आणि 'तुमच्यात' सुरू झालं, तर यशवर्धनच्या आईचं, शालिनीताईंचं हसणं कितपत टिकेल, याचा तिला भरवसा नव्हता.

धम्मपाल कार्डावरून बोट फिरवत होता. सावकाश.

"भिया, रेड में हल्की कौन सी रहेगी? ज़्यादा मीठी नहीं चाहिए," त्यानं वेटरला विचारलं.

त्याचा हा सराईत आवाज तिनं किती वर्षांत ऐकला नव्हता. तिनं टेबलाखालून त्याच्या गुडघ्याला गुडघा लावला. त्यानं तो हलवला नाही, पण तिच्याकडे पाहिलंही नाही.

बाटली आली. वेटरनं बूच काढलं आणि धम्मपालच्या ग्लासात घोटभर ओतून तो अदबीनं थांबला.

"ये?" धम्मपालनं विचारलं.

"सर, टेस्ट कर लीजिए. आपने पसंद की है ना."

"अरे हो, असंच असतं," अभिरामजी म्हणाले. "तुम्ही हो म्हणाल तर आम्हाला मिळणार."

हे धम्मपालला ठाऊक नव्हतं. निवडून मोकळं व्हायचं, एवढंच त्यानं ठरवलं असावं. त्याची बोटं ग्लासाच्या दांडीपाशी गेली आणि तिथेच थांबली. संबोधीनं मान खाली घातली.

"यांना गाडी चालवायची आहे," पंचशीला म्हणाली. "द्या इकडे, मी बघते."

तिनं ग्लास उचलला. जन्मात पहिल्यांदा तो वास तिच्या स्वतःच्या ओठांशी आला. तिनं घोट घेतला, गिळला आणि चेहरा हलू दिला नाही.

"ठीक है, भिया. दे दीजिए सबको."

अभिरामजी दिलखुलास हसले. "क्या बात है वहिनी, तुम्ही तर छुपे रुस्तम निघालात."

शालिनीताईही हसल्या, पण नंतर बोलता बोलता त्यांची नजर पुन्हा पुन्हा पंचशीलाच्या ग्लासाकडे जात राहिली. वेटरनं तो आता अर्धा भरला होता. ती थोडं थोडं पीत राहिली. धम्मपालसाठी लिंबू सोडा आला. बोलणं हॉलवर आलं, मग तारखांवर. डिसेंबर ठरला.

खाली उतरल्यावर संबोधी यशवर्धनबरोबर कोपऱ्यापर्यंत गेली; तोच तिला घरी सोडणार होता. धम्मपालनं स्कूटर रस्त्यावर काढली, पण सुरू केली नाही.

"चक्कर येतेय का तुला?"

"नाही."

तो हँडल धरून उभा राहिला. मग आवाज खाली आणून, दूर राहायला गेलेल्या माणसाची खुशाली विचारावी तसं त्यानं विचारलं,

"कशी होती?"

पंचशीलाला त्याच्याकडे पाहवेना.

"खट्टी," ती म्हणाली.

"हो," धम्मपाल म्हणाला. "पहिल्यांदा लागते तशी."

त्यानं किक मारली. ती मागे बसली आणि आपल्या तोंडाचा वास त्याच्यापर्यंत जाऊ नये म्हणून घरापर्यंत मान वळवून बसून राहिली.