लवकरची ठिणगी

नावाडी हिलालचा उजवा हात मोडला तो त्याच्या अडाणीपणानं, असं इंद्रसिंग ठेकेदार तापीकाठी सगळ्यांना सांगत सुटला होता. हिलालला कामावरून काढून त्यानं नावेवर सुकलालला ठेवलंसुद्धा! ऐकूनच माझं टाळकं फिरलं. मी नंदुरबारच्या कापसाच्या जिनातला फिटर. नावेच्या त्या जुन्या, मुंबईहून आणलेल्या इंजिनाचं, ठिणगी कधी पडायची ते, टायमिंग आषाढात मीच बसवलं होतं.

घाटावर गेलो. प्लग काढला, भोकातून काडी घालून दट्ट्याचं माप घेतलं. ठिणगी पाडणाऱ्या पॉइंटांमध्ये सिगारेटचा पातळ कागद धरून चाक हळूहळू फिरवलं. कागद जिथे सुटायला हवा तिथेच सुटला. टायमिंगला कुठे धक्का नव्हता.

मग चाकाखाली पाहिलं, आणि तोंडून शिवीच निघाली. ठिणगीचा दांडा तारेनं आवळून ‘लवकर’वर, म्हणजे पुढे, बांधलेला! दहादा बजावलं होतं मी, चालू करताना दांडा मागे, नाव निघाली की पुढे. पण नावाडी दांडा मागे ठेवून मुद्दाम नाव रेंगाळत नेतात, असा या शहाण्या ठेकेदाराचा संशय; म्हणून त्यानंच तार बांधलेली. दांडा पुढे असताना चालू करायची दोरी ओढली की भडका आधीच होतो, चाक उलटं फिरतं आणि दोरी हाताला हिसडा देते. हिलालचा हात असाच मोडला होता.

“हिलालले दोरी वढता येत नही,” माझ्यामागे येऊन उभा राहिलेला इंद्रसिंग म्हणाला. “सुकलाल, वढ रे!”

मी सुकलालच्या हातातून दोरी हिसकावली, चाकाला गुंडाळली आणि तिची मूठ इंद्रसिंगापुढे धरली. “तुम्हाला येते ना? मग ओढा!”

म्हसावदच्या बाजाराला निघालेली माणसं बघत होती. इंद्रसिंगानं हात पाठीमागे घेतला.

“पहिले ती तार सोड,” तो पुटपुटला, “मंग वढस मी.”

काठावर हिलाल उभा होता, हात झोळीत, शेजारी बायको कौसाबाई. तो ओरडला नाही. एवढंच म्हणाला, “मन्हा येळले काबरं नही सोडी, ठेकेदार?”

सुकलाल नावेतून उतरला आणि हिलालपाशी जाऊन उभा राहिला. “नाववरनं काम हिलालनं शे,” तो म्हणाला. “हात बरा होस तवलोंग मी चालाडसू, त्यान्हा नाववर.”

तार मी सोडली नाही. ज्यानं बांधली त्यानंच सोडावी, आणि हिलालच्या डोळ्यांदेखत सोडावी. शेवटी इंद्रसिंग चाकाखाली वाकला आणि त्यानं तारेचा पीळ उलगडायला घेतला.