हार्लन फिस्टरचा ठराव

हार्लन फिस्टर शिक्षण मंडळावर निवडून आला तो ‘नाही’ म्हणण्यासाठीच, आणि दिलेला शब्द पाळणारा असा पुढारी आमच्या ओहायोत दुसरा नाही. नवं छप्पर? नाही. जुन्याची डागडुजी? नाही. त्याच्या वाढदिवशी अभिनंदनाचा ठराव आला, तर त्यालाही ‘नाही’ म्हणाला आणि मग निवांत केक खाल्ला.

यंदा पेच पडला शाळेमागच्या टेकाडाचा. विमावाल्यांनी कळवलं, बर्फात पोरं घसरगाड्या घेऊन तिथून सुटतात, कुणाचे तरी हातपाय मोडतील, कुंपण घाला. माझी बायको बर्निस त्याच टेकाडावर लहानाची मोठी झाली. सत्तरीतही दर हिवाळ्यात नातवंडांच्या नावाखाली घसरून येतेच. नातवंडं दूर, वाळवंटी ॲरिझोनात असतात.

मंडळावर माणसं पाच. दोघं टेकाडाच्या बाजूची, दोघं कुंपणाच्या. राहिला हार्लन. आणि सभेपुढं ठराव होता, ‘टेकाड मुलांसाठी खुलं ठेवावं.’

“मेलं!” बर्निस माझ्या कानात म्हणाली. “‘बंद करावं’ असं लिहिलं असतं, तर त्याच्या ‘नाही’नंच वाचलं नसतं का?”

“मग सांग जा ग्रेचेनला.”

ग्रेचेन ऑस्ट्रँडर आमच्या अध्यक्षबाई. ठरावातला स्वल्पविराम हलवायलाही त्यांना आगाऊ नोटीस लागते. बर्निसनं नुसतं नाक मुरडलं आणि नागरिकांना बोलायला मिळतात ती तीन मिनिटं घ्यायला माइकपाशी गेली.

“हार्लन, अरे, आठवतं का? टेकाडावर चढलास की भोकाड पसरायचास. ‘नाही, नाही, मी नाही जाणार!’ मग मी मागून ढकलायची.”

सभागृहात खसखस पिकली.

“बाईंनी मुद्द्याचं बोलावं,” ग्रेचेनबाई म्हणाल्या.

“मुद्द्याचंच बोलतेय. खाली पोचलास की पहिला शब्द काय असायचा रे तुझा? ‘पुन्हा!’ बस, एवढंच. उरलेली मिनिटं ठेवून घ्या तुम्हाला.”

हार्लनचे कान लाल झाले. मतदान सुरू झालं. दोन हो, दोन नाही.

“फिस्टरसाहेब?”

“नाही.”

ठराव पडला. बर्निस कोट चढवू लागली. बटणं भलत्याच काजांत जात होती, म्हणून मी लावून दिली.

“माझा एक ठराव आहे,” हार्लन म्हणाला.

कुणाची तरी कॉफी सांडली. हार्लनचा ठराव गावात कुणी पाहिलेलाच नव्हता.

“टेकाडाला कुंपण घालावं आणि ते बंद करावं.”

“अनुमोदन!” कुंपणवाले दोघंही एका सुरात ओरडले.

“निर्लज्ज मेला,” बर्निस म्हणाली. माइक बंद होता, तरी सगळ्यांना ऐकू गेलं.

पुन्हा मतदान. दोन हो, दोन नाही.

“फिस्टरसाहेब? ठराव तुमचाच आहे.”

“एकदा वाचून दाखवा.”

वाचला. हार्लननं चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला.

“नाही.”

ग्रेचेनबाईंनी मंडळाच्या वकिलांकडे पाहिलं. “स्वतःच्याच ठरावाविरुद्ध? चालतं हे?”

वकिलांनी नियमांचं पुस्तक पुढून चाळलं, मागून चाळलं. “चालतं. आजवर कुणी केलं नसावं, एवढंच.”

“म्हणजे टेकाड खुलं ठेवायचं नाही, आणि बंदही करायचं नाही. अहो, मग मी इतिवृत्तात लिहू काय?”

“लिहा,” वकील म्हणाले, “टेकाड आहे.”