गोमाजीबुवांचा बोलता रेडिओ

पोलादपूरच्या त्या हॉलमध्ये दीडशे माणसं बसली होती आणि कुणी खोकतही नव्हतं. समोर टेबलावर, भगव्या कापडावर, एक जुना लाकडी रेडिओ. गोमाजीबुवांनी बटण फिरवलं.

"आत्मा लगेच येत नाही, मंडळी. लांबून चढून येतो. आधी त्याचा उजेड दिसेल, मग वैतरणीचं पाणी ऐकू येईल."

अर्ध्या मिनिटात रेडिओच्या काचेमागे नारिंगी उजेड आला. मग घूंऽ अशी घरघर सुरू झाली. बायकांनी हात जोडले. रेडिओतून तरुण आवाज आला, "आये, मी दीपक हाय गो."

पहिल्या रांगेतली बनुबाई उठून उभी राहिली. ती कुडपण गावची. तिचा मुलगा तीन वर्षांपूर्वी दरडीखाली गेला होता.

"थंडी वाजते का रे तुला तिथं?" तिनं विचारलं.

मी शेवटच्या रांगेत होतो. मी जुल्फिकार. महाडला माझं रेडिओ दुरुस्तीचं दुकान आहे. दुरुस्तीला आता कुणी येत नाही, म्हणून मी वाल्व्हचे, म्हणजे आत काचेच्या नळ्या असलेले, जुने रेडिओ घेतो आणि त्यांचे गिटारचा आवाज मोठा करणारे अँप्लिफायर बनवतो. वाल्व्हचा आवाज गोड असतो, पोरं मुंबईहून विचारत येतात. बनुबाईची सून रेश्मा दुकानात येऊन म्हणाली होती, "चाचा, तुम्हाला ह्यातलं कळतं. एकदा येऊन बघा. सासूबाई पार नादाला लागल्यात."

आलो आणि पाहिलं. त्या रेडिओचं मूळ बटण फुटलेलं होतं, त्या जागी मिक्सरचं काळं बटण होतं. ते मीच बसवलं होतं. आठ महिन्यांपूर्वी एक माणूस भजनी मंडळासाठी म्हणून तो घेऊन गेला होता. "गिटारच्या जागी माईक चालेल का?" असं त्यानं विचारलं, तेव्हा मी हौसेनं माईक जोडून दाखवला. आवाज लांबून आल्यासारखा कसा काढायचा, तेही शिकवलं.

बाहेर रेश्मानं विचारलं, "काय दिसलं, चाचा?"

"लांबून नीट कळलं नाही," मी म्हणालो.

घरी येताना मनाशी म्हटलं, मी मुसलमान. बुवांच्या बैठकीत बोललो तर भलतंच पेटेल. ही भीती खोटी नव्हती. पण खरं कारण दुसरंच होतं. माझ्या हातची वस्तू असल्या कामाला लागली, हे चारचौघांत कबूल करायची मला लाज वाटत होती.

तीन आठवड्यांनी रेश्माचा फोन आला. रेडिओतल्या 'दीपक'नं आईला सांगितलं होतं, "आये, साखरेच्या गोळ्या बंद कर. त्यांचा कडूपणा मला हितं लागतो. बुवांचं पाणी घे." म्हातारीनं मधुमेहाच्या गोळ्या बंद केल्या. पायाला झालेली जखम चिघळली आणि दोन बोटं काढावी लागली.

"चाचा, त्या दिवशी तुम्हाला खरंच काही दिसलं नव्हतं?"

"पुढची बैठक कधी आहे?" मी विचारलं.

पुढच्या बैठकीला मी गिटार घेऊन गेलो. पायाला पट्टी बांधलेली बनुबाई पुढे खुर्चीत होती. आवाज सुरू झाला तसा मी उठलो, टेबलाजवळ गेलो आणि कापडाची कड उचलली.

"हात लावू नकोस, कोप होईल," बुवा म्हणाले.

रेडिओच्या मागची माईकची वायर मी उपटली. रेडिओ शब्दाच्या मध्येच थांबला. तिथं गिटारची वायर खोचून मी तार छेडली, आणि दीपकच्या रेडिओतून गिटार वाजली. हॉल गप्प झाला. त्या शांततेत मागच्या खोलीतून तोच आवाज, बारीक, ऐकू आला, "आये, ऐकतेस ना गो?" आतल्या माणसाला काही कळलंच नव्हतं. लोकांनी दार ढकललं. तो माईक धरून बसला होता, पुढ्यात वही, तिच्यात घरोघरची माहिती.

मी सगळ्यांना रेडिओ उघडून दाखवला. उजेड म्हणजे वाल्व्हमधली तापलेली तार. ती तापायला अर्धं मिनिट लागतं. वैतरणीचं पाणी म्हणजे कंडेन्सर नावाच्या आतल्या जुन्या, खराब झालेल्या भागामुळे होणारी घरघर. आणि ही वायर, कापडाखालून टेबलाच्या पायाला लागून भिंतीपलीकडे गेलेली.

बनुबाईनं विचारलं, "ह्यो तू बनवलास?"

"हो, मावशी."

"मंग पयल्या दिवशीच तुला कळलं व्हतं?"

"हो."

"मी त्याला थंडीचं इचारत व्हते, नि तू मागं बसून ऐकत व्हतास."

रेश्मानं तिला हाताला धरून नेलं. पोलिसांत जबाब देताना मी माझी चूक आधी सांगितली आणि बुवांची नंतर.

मेलेला माणूस रेडिओतून बोलत नाही; बोलतो तो भिंतीपलीकडचा जिवंत माणूस. कुणी चमत्कार दाखवला तर वस्तूची मागची बाजू बघायला मागा. बघू दिली नाही तर उठून या. डॉक्टरांच्या गोळ्या कुणाच्याही आवाजावरून बंद करू नका. आणि ज्याला त्या वस्तूतलं कळतं, त्यानं त्याच दिवशी उभं राहून सांगावं. रेश्माचा फोन येईपर्यंत मी एकवीस दिवस गप्प बसलो. त्यातल्या पहिल्या काही दिवसांत बोललो असतो, तर बनुबाईची बोटं वाचली असती.