केसभर

वैशाखाचं पिवळं, कोरडं ऊन. गच्चीवर वाळत पडलेले भोपळे, पोटात पोकळी घेऊन, अजून न जन्मलेल्या सतारींची वाट पाहणारे. हे ऊन सरकत सरकत खालच्या कारखान्यात उतरलं आणि धोंडीरामच्या मांडीवरच्या निळ्या गिटारवर थबकलं.

सतारी घडवणारी ती मांडी. तिच्यावर आज हे परकं, चपटं, चकचकीत, पोकळीवाचूनचं वाद्य.

"घोरपड आहे नुसती," धोंडीराम म्हणाला. "वर शेपटीला वायर."

"घोरपड म्हणा अण्णा, पण पाल म्हणू नका. रुसेल ती," सुनेत्रा हसली. त्याची एकुलती लेक. दुपारच्या गाडीनं ती पुण्याला निघणार होती. उद्या तिथल्या एका वाद्यवृंदात तिची परीक्षा होती. निवड झाली, की त्याच्यामागे या घराच्या तारा जुळवायला घरातलं कुणी उरणार नव्हतं.

ती चहा करायला आत गेली.

त्यानं गिटारच्या दांडीवरचे झिजलेले पडदे कानशीनं समतल केले. खरखरणाऱ्या वायरीला नवा डाख दिला. सारं निगुतीनं, सारं प्रामाणिक. मग तारा पेलणाऱ्या घोडीवरचे तीन चिमुकले स्क्रू त्यानं फिरवले. केसभर. फक्त केसभर. तीन तारा तेवढ्याच आखूड झाल्या. पुन्हा जुळवल्यावर मोकळ्या तारा निर्मळ बोलू लागल्या, दवासारख्या निर्मळ. पण बोट जसजसं वरच्या पडद्यांकडे चढेल, तसतसा स्वर आपल्या जागेहून वर सरकेल, थोडा, आणखी थोडा. हे त्याला ठाऊक होतं. त्याच्या कानाला ठाऊक नव्हतं असं या घरात काही नव्हतं.

सुनेत्रानं बाहेर येऊन गिटार घेतली. खालचे स्वर उमलले. वरचे आंबले.

ती थांबली. पुन्हा वाजवलं. पुन्हा तेच.

"अण्णा, स्वर तपासायचा मीटर लावून बघू?"

घरातल्या थोरल्यानं जुळवलेल्या वाद्याला पुन्हा कुणी जुळवून पाहायचं नाही, ही घराची रीत. सात पिढ्यांची.

"लाव की," तो शांतपणे म्हणाला. "आजवर कुणी लावला नाही. तू लाव."

पिशवीत गेलेला तिचा हात रिकामाच बाहेर आला.

"बोट फार दाबतेस. दाबलं की स्वर चढतो."

वाक्य खरं होतं. म्हणूनच ते इतकं खोल गेलं.

तिनं बोटं हलकी केली. स्वर फुटले. दाबली, स्वर चढले. हलकी, दाबून, हलकी. दहा वर्षांच्या रियाजाचा हात तासाभरात अनोळखी झाला. कपाळावरचा घाम भुवईत उतरला. उन्हानं उंबरा ओलांडला. गाडीची वेळ आली, टळली.

"माझ्याच हातात खोट आहे, अण्णा," ती म्हणाली. मग फोन उचलून तिनं पुण्याला कळवलं, की ती येत नाही. आवाज अगदी सपाट होता.

धोंडीरामनं तिच्या डोक्यावर हात ठेवला. हात उबदार होता.

"वाजव," तो म्हणाला. "मी ऐकतोय."

आणि ती वाजवू लागली, मान खाली घालून, आज्ञाधारक, एक एक चुकलेला स्वर त्याच्या ओंजळीत ठेवत. आणि तो ऐकत राहिला, डोळे मिटून, तृप्त.