उजवी वाटी

मालन बहात्तर वर्षांची झाली होती आणि जतला नातवंडांत राहत होती. पण त्या मंगळवारी सकाळी नऊ वाजता ती कवलापूरला थोरल्या बहिणीच्या दारात सायकल घेऊन उभी राहिली, ती एकोणीस वर्षांची होऊन.

शालनताईंनी तिला बघता क्षणी ओळखलं. साडी तीच होती, मुलाखतीसाठी म्हणून राखून ठेवलेली मोतिया रंगाची. पदराला लावलेली पिनही तीच, शालनताईंचीच, न विचारता घेतलेली.

"आक्का, पायडल मारलं की कटकट वाजतंय बघ," मालन म्हणाली. "अकराला सांगलीत टेलिफोनच्या नोकरीची मुलाखत आहे. देतीस ना करून?"

"ये आत. सायकल पण घे आत, बाहेर धूळ आहे."

हॉलमध्ये नेमगोंडा, शालनताईंचे यजमान, पेपर वाचत बसले होते. त्यांनी चष्म्यावरून मेव्हणीकडं पाहिलं.

"परवा फोनवर गुडघे दुखतात म्हणत होतीस. आता बरे दिसतात."

"आता नाही दुखत, दाजी."

"तेल कुठलं लावलंस?" असं विचारून त्यांनी पान उलटलं.

शालनताईंनी पदर खोचला. फरशीवर पोतं अंथरून सायकल सीटवर आणि हँडलवर उलटी उभी केली. हात पंचाहत्तर वर्षांचे होते, पण विसरले काही नव्हते. कॉटर पिनांचे नट सैल केले, लाकडाचा तुकडा आड धरून हातोडी मारली. दोन-दोन घावांत पिना बाहेर आल्या. दोन्ही क्रँक, म्हणजे पायडलच्या दांड्या, उतरवल्या. डावीकडचं कडं काढलं, पायडलची धुरी ज्या दोन वाट्यांत फिरते त्यांतली डावी वाटी हलकेच फिरवून सोडवली. काळ्या पडलेल्या ग्रीसमधून अकरा छर्रे परातीत ओघळले. मग धुरी ओढली, आणि तिच्यामागोमाग पलीकडचे अकरा.

"किती भराभर करतीस गं," मालन स्टुलावर बसून म्हणाली. "आण्णांच्या वरताण."

आण्णा म्हणजे त्यांचे वडील. एसटी स्टँडामागं त्यांचं सायकलचं दुकान होतं. मालन तेव्हा लहान, म्हणून सगळं शिकवलं ते शालनला. शालनच्या हातात पाना देऊन, आपला हात वर ठेवून ते शिकवत.

आता राहिली उजवी वाटी. एरवी ती जागेवरच पुसून घेतात. पण हिच्यात बोट फिरवलं की एके ठिकाणी खाच लागत होती. कटकट तिथलीच होती. ती काढायची आणि नवी बसवायची, एवढंच काम. नवी वाटी टेबलाच्या खणात, मेणकागदात गुंडाळून, त्रेपन्न वर्षं तयार होती.

शालनताईंनी लांब, चपटा पाना वाटीवर बसवला आणि डब्याचं झाकण उघडावं तसा डावीकडं ओढला.

वाटी सुटली नाही. त्यांच्या हातातल्या बांगड्या मात्र मनगटाला आवळल्या.

त्यांनी पुन्हा ओढला. या खेपेला हॉल आवळला. समोरची भिंत टीव्हीसकट दोन फूट पुढं आली, खिडकी तावदानाएवढी राहिली. नेमगोंडांनी पाय आत घेतले आणि पेपरची एक घडी घातली.

"घर लहान झालंय काय गं?"

"जरा झालंय."

"बांधकामवाल्यानं स्क्वेअर फुटाचे सांगितले होते ते खरे नव्हतेच," ते म्हणाले.

मालननं स्टूल पुढं सरकवलं. भिंतीवरचं घड्याळ तेवढं होतं त्या आकाराचंच राहिलं होतं. सव्वानऊ झाले होते. सांगली गाठायला सायकलनं पाऊण तास लागतो.

"जमंल ना, आक्का?"

"जमंल. गंजलीय जरा."

गंजलेली नव्हती. उजव्या वाटीचे आटे उलटे असतात. सगळं जग ज्या दिशेनं सुटतं त्या दिशेनं ती घट्ट होते, आणि घट्ट करायच्या दिशेनं फिरवली की सुटते. नाहीतर चालता चालता पायाच्या जोरानं ती आपोआप निघून आली असती. नऊ वर्षांच्या शालनला आण्णांनी हे पहिल्यांदा सांगितलं होतं आणि दहाव्या वर्षी तिनं स्वतः पहिली वाटी काढली होती.

त्रेपन्न वर्षांपूर्वीच्या त्या सकाळी दोघी बहिणींपैकी मुलाखतीचं पत्र आलं होतं ते फक्त मालनला. अर्ज दोघींनी केला होता. शालननं सायकल खोलली, उजव्या वाटीवर पाना चढवला, आणि डावीकडं ओढला. हातानं पुरेना तेव्हा पान्यावर पाय देऊन उभी राहिली. वाटी तडकली, आटे गेले, सायकल जागेवर बसली. मालन धावत येऊन बघते तर शालन डोक्याला हात लावून बसलेली. "मला काय माहीत, इकडचे आटे उलटे असतात ते?" आण्णा आदल्या वर्षीच गेले होते, खोटं पाडायला कुणी उरलं नव्हतं. मालन चालत गेली. पोचली तेव्हा साहेब उठले होते. मार्गशीर्षात तिला जतला दिली. पुढच्या वर्षी जागा पुन्हा निघाली आणि ती शालनला मिळाली. चौतीस वर्षं एका कानाला हेडफोन लावून बसली ती, "नंबर प्लीज" म्हणत, तो कान मंद होईपर्यंत.

मालननं कधी दोष दिला नाही, ही खरी पंचाईत. लग्नाकार्यात, बारशाला, ती हा किस्सा स्वतः रंगवून सांगायची. "आक्काला काय ठाऊक बिचारीला! माझ्यासाठी घाम गाळत होती." लोक हसायचे. शालनताई हसायच्या. हसताना आपले दात दिसतात, हे त्यांना दरवेळी जाणवायचं.

म्हणूनच आता पाना उजवीकडं फिरवायचा म्हटलं तर हात धजत नव्हता. तसा फिरवला असता तर मालननं पाहिलं असतं, की ह्या बाईला माहीत आहे. शालनताईंनी ठरवलं, आणखी एकदा माहीत नसलेल्या बाईसारखं ओढून बघू. कधी कधी खराब झालेले आटे तसेही सुटतात.

त्यांनी ओढलं. छत खाली आलं. पंखा थांबला, कारण पात्यांना भिंती लागल्या. नेमगोंडांचा पेपर आता तिकिटाएवढ्या घडीचा झाला होता आणि ते निधनवार्ता वाचत होते. मालनचे गुडघे शालनताईंच्या गुडघ्यांना टेकले. तिच्या केसांतल्या आवळ्याच्या तेलाचा वास आला.

"नऊ चाळीस," नेमगोंडा म्हणाले. "स्वैपाकघराचं दार आता मावत नाही. मला पाणी लागलं तर?"

"थोडा धीर धरा हो."

"धरलाय. तोही आखडून."

मालन खुदकन हसली. मग तिनं वाकून वाटीकडं पाहिलं. "आक्का, मी काय म्हणते, उलटी तर नसंल ना ही? आपलं मला वाटलं."

शालनताईंनी पाना पुसला. पोलक्याची शिवण बरगड्यांत रुतली होती.

"तुला कुठं ठाऊक असणार म्हणा," मालन त्यांच्या गुडघ्यावर थोपटत म्हणाली. "राहू दे. नाही झालं तर नाही झालं. मी चालत जाईन. तू वाईट वाटून घेऊ नकोस."

ती उठायला गेली. डोकं छताला लागलं. दार होतं तिथं आता पोस्टाच्या पेटीच्या फटीएवढी उजेडाची रेघ होती. मालन त्या रेघेकडं बघत उभी राहिली, अर्धी वाकून, पदर सावरत, घाई न दाखवता.

"बस खाली," शालनताई म्हणाल्या.

त्यांनी पाना उचलून पुन्हा बसवला, नीट, कडेला कड लावून. आणि उजवीकडं फिरवला.

वाटी लोण्यातून फिरावी तशी फिरली.

मालननं ते पाहिलं. तिनं आधी पान्याकडं पाहिलं, मग हाताकडं, मग तोंडाकडं.

"म्हणजे माहीत होतं."

"होतं."

"तेव्हापण?"

"तेव्हापण. नऊ वर्षांची होते तेव्हापासनं."

छत वर गेलं. भिंती मागं सरल्या, पंखा लागला, नेमगोंडांनी पेपर उलगडून हुश्श केलं. दार दाराएवढं झालं. दहाला दहा कमी होते, वेळ होता. पण वाटी अजून आट्यांवर होती, आणि काम अर्ध्यावर सोडता येत नव्हतं. शालनताईंनी पुढचा फेरा दिला. हॉल होता त्याहून मोठा झाला. मालनचं स्टूल सहा फुटांवर गेलं. आणखी एका फेऱ्यानं खिडक्या एकाच्या चार झाल्या, आणि नेमगोंडा त्यांच्या खुर्चीसकट शेजारच्या आळीएवढे लांब जाऊन, तिथूनही "आता जरा जास्तच झालं" असं म्हणताना पुसट ऐकू आले.

"आक्का, थांब की," मालन म्हणाली. ती अंगणापलीकडच्या अंतरावर होती.

"सुटल्याशिवाय थांबता येत नाही गं. दोन फेरे राहिलेत."

"मग मी किस्सा दुसऱ्यांदा रंगवला तेव्हा का नाही सांगितलंस? तिसऱ्यांदा? माझ्या पोरीच्या लग्नात मी सांगत होते तेव्हा?"

 शालनताईंनी फेरा दिला. फरशी लांबत गेली, चौकोनामागून चौकोन, उन्हात तापलेली, आणि मालन द्राक्षबागेच्या पलीकडच्या कडेला उभ्या माणसाएवढी झाली. मोतिया ठिपका. सायकल इकडं होती.

शेवटचा फेरा त्यांनी हातानंच दिला. वाटी तळहातात आली, कोमट, ग्रीसनं माखलेली.

"माले," त्यांनी जिवाच्या आकांतानं हाक मारली. "मला माफ करतीस का गं?"

हाक गेली. बराच वेळ जात राहिली. मग खूप दूरवर त्या ठिपक्यानं मान वर केली, म्हणजे पोचली असावी. मालनचं तोंड उघडलं, हललं, आणि मिटलं. ती बोलून झाली होती. आवाज तेवढा अजून इकडं पोचायचा होता. शालनताई वाटी हातात धरून, चांगला कान तिकडं करून, उभ्या राहिल्या.