दुसऱ्या भुवईच्या आधी

मॅडम आल्या तेव्हा बाहेर ऊन नव्हतं, तरी डोळ्यांवर भला मोठा काळा चष्मा होता. खुर्चीत बसून त्यांनी तो काढला आणि खोटं कशाला बोलू, मला मनातून आनंदाच्या उकळ्या फुटल्या. ज्या बाईनं तीस वर्षं दुसऱ्यांच्या भुवया कोरल्या, तिच्या स्वतःच्या कपाळाखाली दोन पुसट रेघा उरल्या होत्या. कानाकडचा भाग तर साफ गायब.

“ओळखलंस का गं?”

“न ओळखायला काय झालं?” मी म्हटलं. बारा वर्षं मी या बाईच्या नावानं बोटं मोडत होते.

निम्म्या भुवया थायरॉइडनं नेल्या आणि निम्म्या त्यांच्याच चिमट्यानं. दोन महिन्यांनी पार्लरवाल्यांच्या मेळाव्यात त्यांचा सत्कार होता. मंचावर बसायचं, फोटो निघणार. “सुईनं रंग भरून भुवया काढण्यात, त्या मायक्रोब्लेडिंगमध्ये, तुझा हात चांगला आहे म्हणतात,” त्या म्हणाल्या. म्हणतात! दोरा धरायला मला यांनीच शिकवलं आणि हा हात बदनामही यांनीच केला.

झालं होतं ते असं. मी मॅडमच्या पार्लरमध्ये कामाला होते. माझी थोरली नणंद नोकरीच्या मुलाखतीआधी भुवया करायला आली. तिला घाई होती, म्हणून दोऱ्याऐवजी वॅक्स घ्यायचं ठरलं. तिच्या डोळ्यांवर कापूस ठेवला. मी बाजूला कापडाच्या पट्ट्या कापत होते. मॅडमनी फोन खांद्यात धरून, मनगटावर न लावून बघताच, उकळतं वॅक्स तिच्या भुवईवर ओढलं. कातडी सोलून निघाली. डाव्या भुवईचा मधला भाग कायमचा गेला. नणंद किंचाळून उठली तोवर वॅक्सची काडी माझ्या हातात होती. कधी दिली, कळलंही नाही.

“काय केलंस हे!” मॅडम माझ्यावर ओरडल्या. चोर तो चोर, वर शिरजोर. गिऱ्हाइकांसमोर मला माफी मागायला लावली आणि त्याच दिवशी काढून टाकलं. पुढं दोन वर्षं एकाही पार्लरनं मला उभं केलं नाही. पण ते मी पचवलं, स्वतःचं दुकान टाकलं. घरातलं पचलं नाही. सासूबाई शेवटी वर्षभर अंथरुणात होत्या. त्यांची वेणी कामाला ठेवलेली बाई घालायची. मी कंगवा घेऊन गेले की मान फिरवायच्या. “लेकीची भुवई जाळलीस, तुझा हात नको,” म्हणायच्या. तसंच म्हणत वारल्या. त्यांना आता कुणी काही सांगू शकत नव्हतं, पण नणंद होती. तिला हे मॅडमच्या तोंडून ऐकवायचं, एवढंच मला हवं होतं.

मॅडमना बसवूनच मी पेन्सिलनं आकार काढला. झोपवून काढला की कातडी मागं सरकते आणि उठल्यावर एक भुवई वर, एक खाली दिसते. मग क्रीम लावून जागा सुन्न केली आणि रंग कालवायला घेतला. काळा जरा जास्त पडला तर वर्षभरात भुवया निळसर होतात. विचार आला नाही असं नाही. पण तो सूड मला बघायला मिळाला नसता. बरोबर तोच तपकिरी रंग मी कालवला.

उजवी भुवई तासाभरात झाली. एकेक केस सुईनं असा ओढला की खरा कुठला आणि माझा कुठला, सांगता येईना. एक भुवई झाली की थांबायचं आणि अर्ध्या चेहऱ्याचा फोटो काढायचा, ही आमच्या धंद्यातली रीतच आहे. मी मॅडमना उठून बसायला सांगितलं. फोटो काढला. मग हातमोजे काढले आणि कचऱ्याच्या डब्यात टाकले.

“आता माझ्या नणंदेला फोन लावायचा,” मी म्हटलं. “वॅक्स कुणी ओढलं ते सांगायचं. मग दुसरी भुवई.”

त्यांनी आरसा घेतला. एका बाजूला दाट, कमानदार भुवई. दुसऱ्या बाजूला नुसती पेन्सिलची रेघ. दुसऱ्याच्या हातचं अर्धं काम आमच्यात कुणी घेत नाही, हे त्यांनाही ठाऊक होतं. तोंडचं पाणी पळेल असं मला वाटलं होतं. बाई हसल्या.

“नाही लावत फोन,” त्या म्हणाल्या. “अशीच जाते. विचारेल त्याला सांगेन, हिनं केलं. तेव्हा मला खोटं बोलावं लागलं होतं गं. आता तेवढीही गरज नाही.”

त्यांनी चष्मा शोधायला पर्समध्ये हात घातला. करायला गेले एक आणि झालं भलतंच. बारा वर्षं जो आळ मी नाकारत आले, तो मी स्वतःच्या हातानं खरा करून ठेवला होता. बाहेर बाकावर दोन गिऱ्हाइकं बसली होती.

“झोपा,” मी म्हटलं.

नवे हातमोजे चढवून मी दुसरी भुवई केली. रागानं डोळ्यांत पाणी येत होतं, ते कोपरानं पुसत होते. दोन्ही भुवया जुळल्या तेव्हा मॅडम आरशात बघून म्हणाल्या, “हात खरंच बसलाय तुझा.” मी सहा आठवड्यांनंतरची तारीख लिहून दिली. खपल्या पडल्या की निम्मा रंग उडतो आणि दुसऱ्या बैठकीशिवाय भुवया ठिगळं लावल्यासारख्या दिसतात. येणं भाग होतं.

तोच दिवस, तीच वेळ मी नणंदेला दिली. “ताई, तुमची ती रिकामी जागा भरून देते,” फोनवर म्हटलं. आजवर माझ्या दुकानाची पायरी न चढलेली बाई एका शब्दात हो म्हणाली. याचं मला तेव्हाच नवल वाटायला हवं होतं.

ठरल्या दिवशी मॅडम आल्या. रंग उडाला होता, भुवया कुठं दाट, कुठं विरळ. सत्काराला पंधरा दिवस उरले होते. आत नणंद बसलेली बघून त्या दारातच थबकल्या.

“या ना,” मी म्हटलं. “ताईंना सांगा काय ते. आज तुमच्या दोन्ही भुवया अर्ध्या आहेत आणि माझं काम मागच्या वेळीच चोख झालंय, आता माझ्यावर ढकलायला काही उरलेलं नाही. नाही सांगितलंत तर मी पैसे परत देते, तुम्ही दुसरीकडं जा.”

त्या बराच वेळ चपलेच्या पट्ट्याशी खेळत राहिल्या. मग नणंदेकडं न बघता म्हणाल्या, “त्या दिवशी हात माझा होता. हिचा नव्हता.”

हे ऐकायला मी किती रात्री तळमळले होते! छातीवरचं ओझं उतरेल, नणंद रडेल, माझा हात धरेल, असं सगळं मी ठरवून ठेवलं होतं. नणंद आरशात स्वतःची डावी भुवई चाचपत होती.

“मला माहीत आहे,” ती म्हणाली.

“काय माहीत आहे?”

“अगं वहिनी, डोळे झाकले होते, कान नव्हते झाकले. मॅडम माझ्या तोंडावरच फोनवर बोलत होत्या. तू तर तिकडं कात्री चालवत होतीस.”

मॅडमसुद्धा आ वासून बघायला लागल्या. “मग आईंना का नाही सांगितलंत?” मी विचारलं.

“आई आधीच नको म्हणत होती, भुवयांना हात लावू नकोस म्हणून. मॅडमचं नाव घेतलं असतं तर म्हणाली असती, तू गेलीसच का? तुझं नाव घेतलं, सगळं तुझ्यावर गेलं.” तिनं खांदे उडवले. “आता आई नाही, म्हणून सांगायला हरकत नाही.”

कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, ते उगाच नाही. बारा वर्षं मी परक्या बाईवर दात ओठ खाल्ले आणि तिकडं ही माझ्या हातचं जेवून, माझ्याच घरात पाय पसरून बसत होती. आईच्या शेवटच्या आजारपणातही आठवड्याला येत होती. कंगवा घेऊन परत फिरलेली मी तिला दाराशीच भेटायचे. एकदा तिनं तो माझ्या हातातून घेऊन कपाटावर ठेवला होता.

मॅडमचं काम मी आधी केलं. वीस मिनिटांत दोन्ही भुवया भरल्या, जशा त्यांच्या तरुणपणी होत्या तशा. त्या निघताना काहीतरी बोलल्या. मी ऐकलं नाही. त्यांच्याशी माझं आता काही देणंघेणं उरलं नव्हतं.

मग बसल्या जागी पेन्सिलनं आकार काढून घेऊन नणंद पलंगावर आडवी झाली. मी दिवा ओढला आणि तिची भुवई जवळून बघितली. भाजलेल्या जागी कातडी गुळगुळीत, चकचकीत झाली होती.

“अशा जागी जास्त दुखतं का गं?” तिनं विचारलं.

“खूप दुखतं.”

मी जागा पुसून घेतली, पेन्सिलची रेघ तपासली आणि रंगाची वाटी जवळ सरकवली. ती वाट बघत होती.

“क्रीम लावायचं राहिलं ना तुझं?”

“नाही राहिलं,” मी म्हटलं. “लावणार नाहीये.”

ती एका कोपरावर उठली. माझ्याकडं बघितलं, दाराकडं बघितलं, मग भिंतीवरच्या आरशातल्या त्या तुटक्या भुवईकडं बघितलं. हळूहळू तिनं मान पुन्हा उशीवर टेकवली आणि दोन्ही हातांनी पलंगाच्या कडा घट्ट धरल्या. मी सुई उचलली.