अकरा तारखेची नोंद

वकीलबाईंनी आपल्या धाकट्या भावाशी आठ महिने अबोला धरला होता. निरोप द्यायचाच झाला तर वहिनीमार्फत. भाऊ सीमेवरच्या नाक्याचा प्रमुख, आणि बाई आश्रय मागणाऱ्यांचे अर्ज लढवणाऱ्या. आईकडे जेवताना एकदा तो म्हणाला होता, "तुम्ही दारं सताड उघडायची आणि झाडू आम्ही मारायचा." त्यावर बाई म्हणाल्या, "माणसांना केर म्हणतोस?" आईनं दोघांच्या पुढची ताटं उचलली आणि विषय तिथेच तुटला.

पण आता इलाज नव्हता. बाईंच्या एका अशिलाचा अर्ज सुनावणी न होताच फेटाळला गेला होता. ही अशील म्हणजे गुराढोरांची डॉक्टर, म्हाताऱ्या वडिलांना घेऊन सीमा ओलांडून आलेली. देशात आल्यापासून पंधरा दिवसांत अर्ज करायचा, असा नियम. तिनं बाराव्या दिवशी केला होता. पण नाक्यावर मिळालेल्या चिठ्ठीवर अकरा तारखेच्या जागी एक तारीख पडली होती, म्हणजे कागदोपत्री उशीर. चिठ्ठीखाली सही भावाची.

"रीतसर पत्र पाठवा, चार महिन्यांत उत्तर येईल," असं अर्ज तपासणाऱ्या कार्यालयानं सांगितलं. बाईंनी पत्र पाठवलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी थेट नाका गाठला.

भाऊ टेबलाशी उभा राहून तीन शिपायांना काहीतरी समजावत होता.

"बाळ्या," बाईंच्या तोंडून सवयीनं निघून गेलं.

शिपायांनी माना खाली घातल्या. एकाला ठसकाच लागला. भावानं त्यांना बाहेर घालवलं आणि दार लावलं.

"इथे साहेब म्हणतात मला."

"बरं, साहेब. ही सही तुझी ना?"

त्यानं चिठ्ठी पाहिली, कपाटातली नोंदवही काढली, बोट फिरवत फिरवत खाली आला आणि थांबला. वहीत अकरा तारीख होती. अक्षरही त्याचंच.

"त्या दोन दिवसांत सव्वाशे माणसं आली होती, ताई. आम्ही पाच जण होतो. पाठ टेकली नव्हती कुणी."

"मी काही बोलले का?"

"तुझं तोंड बोलतंय." त्यानं खुर्ची ओढली. "हे बघ, तिला ठेवून घ्या असं मी म्हणणार नाही. माझं मत तेच आहे. पण चूक माझ्या हातची आहे, आणि त्याचं खापर तिच्या डोक्यावर फुटता कामा नये."

त्यानं स्वतः पत्र लिहिलं, शिक्का मारला. लिहिता लिहिता पुटपुटत होता, "खरी असेल तर निकालाची वाट बघत दोन-तीन वर्षं कुजत बसते. खोटी असेल तर तेवढीच वर्षं आरामात राहते. दोन्हीकडून वाटोळं. लवकर काय ते सांगून टाका ना!"

बाईंना राग आला, तो याचा की गेली दहा वर्षं त्या हेच बोलत होत्या आणि त्याच्या तोंडून ऐकल्यावर नाही म्हणता येईना.

दुपारी दोघं मिळून कार्यालयात गेले. खिडकीतल्या कारकुनानं पत्र उलटसुलट करून पाहिलं. चूक मान्य झाली, अर्ज पुन्हा दाखल झाला. बाईंचा जीव भांड्यात पडतोय तोच कारकून म्हणाला, "पण रांगेत शेवटी. सुनावणी चौदा महिन्यांनी."

"चूक माझी असताना?" भाऊ खिडकीवर वाकला.

"तिची काही चूक नसताना?" बाईही वाकल्या.

"तुम्ही दोघं एकाच बाजूचे का?"

"नाही!" दोघं एकदमच ओरडले. मागच्या रांगेतली माणसं बघायला लागली.

बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर बसून त्यांनी तक्रार लिहायला घेतली. पहिल्याच ओळीला अडलं. तो "घुसखोर" म्हणे, त्या "निर्वासित" म्हणत. अर्धा तास हुज्जत चालली. शेवटी "अर्जदार" लिहिलं. दोघांनाही तो शब्द बेचव वाटला. पुढे मागण्या दोनच निघाल्या: निकाल सहा महिन्यांत लावा, आणि नाक्यावर माणसं वाढवा. बाकीच्या सगळ्यावर काट मारावी लागली. बाईंना वाटलं, दहा वर्षांच्या भांडणातून हाती लागलं ते एवढंसं. तरी सही केली. त्यानंही केली.

संध्याकाळी बाईंनी डॉक्टरणीला सगळं सांगितलं.

"म्हणजे नाही म्हणालेले नाहीत?" तिनं विचारलं.

"नाही म्हणालेले नाहीत."

"चौदा महिने वडील काढतील का?" ती म्हणाली. पलीकडे म्हातारा भिंतीकडे तोंड करून खोकत होता.

तक्रारीचं उत्तर तीन आठवड्यांनी आलं. एकच ओळ: आपल्या सूचनेची नोंद घेण्यात आली आहे. खाली कुणाचं नावही नव्हतं. बाईंनी कागद टेबलावर आपटला, इतक्या जोरात की शेजारच्या खोलीतून कुणीतरी डोकावलं. तेवढ्यात फोन वाजला.

"ताई, तुलाही तेच आलं?"

"तेच."

"आता यांच्या वरच्याला लिहू. रविवारी येतेस घरी?"

"येते. पण तुझी मतं मला ऐकायची नाहीत."

"मलाही तुझी नाहीत," तो म्हणाला. "पेन आण."